मेंढपाळाचा हिशेब



आज ख्रिस्तराजाचा सण. उपासना वर्षाचा हा शेवटचा रविवार. संध्याकाळच्या मिरवणुकीची तयारी गेला आठवडाभर चालू आहे. तरुणांनी पताका लावल्या, महिला मंडळाने फुलांचे काम अंगावर घेतले, त्या सर्वांचे मनापासून आभार. मिरवणुकीबद्दलच्या सूचना मागच्या पानावर आहेत. इथे मला वेगळ्याच विषयावर तुमच्याशी बोलायचे आहे. खरे सांगायचे तर हा विषय मी बरेच दिवस टाळत होतो.

आजचे पहिले वाचन यहेज्केल संदेष्ट्याच्या ३४ व्या अध्यायातून आहे. परमेश्वर स्वतः आपल्या मेंढरांचा शोध घेईल, पांगलेल्यांना गोळा करील, जखमीला पट्टी बांधील, असे ते सुंदर वचन आहे. ऐकताना मन शांत होते. पण घरी गेल्यावर बायबल उघडून पाहा. आपले वाचन ११ व्या ओवीपासून सुरू होते. मग आधीच्या दहा ओव्यांत काय आहे? त्या रविवारच्या मिस्साला कधीच वाचल्या जात नाहीत. वर्षाआड एकदा, ऑगस्टच्या सुमारास, एका बुधवारी त्या येतात. त्या दिवशी सकाळी साडेसहाला देवळात पंधरा-वीस माणसे असतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दहा ओव्या ख्रिस्तमंदिरात ऐकलेल्याच नाहीत.

त्या ओव्यांत देव मेंढपाळांना फैलावर घेतो. मेंढरे स्वतःच का धावून येत नाहीत असा प्रश्न तिथे नाही. मेंढपाळ कुठे होते, हा प्रश्न आहे.

यहेज्केल हा स्वतः याजक होता. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधून जे लोक बंदी करून नेले, त्यांच्यात तो होता. परक्या मुलुखात, खबार नदीच्या काठी त्याला देवाचे बोलावणे आले. पुढे दहाएक वर्षांनी यरुशलेम पडले. ती बातमी घेऊन एक पळून आलेला माणूस पोहोचतो, हे ३३ व्या अध्यायात आहे, आणि लगेच पुढचा अध्याय मेंढपाळांचा. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. शहर का पडले? बाबेलची फौज मोठी होती म्हणून, असे कोणीही म्हणेल. संदेष्टा म्हणतो, त्याआधीच कळप पांगला होता, कारण राखणारे स्वतःलाच चारत होते. त्या काळी 'मेंढपाळ' हा शब्द राजे आणि अधिकारी यांच्यासाठी वापरत. पण पुढे ख्रिस्तसभेने हा अध्याय वाचला तेव्हा तो स्वतःकडे तोंड करून वाचला, हे तिचे मोठेपण आहे.

आता आरोपपत्र पाहा. मेंढपाळांनी दूध प्यायले, लोकर पांघरली, लठ्ठ मेंढरू कापून खाल्ले. हे त्यांनी जे केले ते. पण यादीचा मोठा भाग त्यांनी जे केले नाही त्याचा आहे. अशक्ताला बळ दिले नाही, आजाऱ्याला बरे केले नाही, मोडलेल्याला बांधले नाही, बहकलेल्याला माघारी आणले नाही, हरवलेल्याला शोधले नाही. आम्ही धर्मगुरू आपल्या विवेकाची तपासणी करतो तेव्हा बहुधा पहिल्या प्रकारच्या पापांची यादी करतो. काय केले? रागावलो, खोटे बोललो, वगैरे. दुसरी यादी लांब असते आणि ती आम्ही करत नाही. कोणाच्या घरी गेलो नाही? कोणाचे म्हणणे ऐकून घेतले नाही? कोण देवळात यायचा थांबला आणि मला त्याची चाहूलही लागली नाही?

या अध्यायावर संत ऑगस्टीन यांनी एक दीर्घ प्रवचन दिले आहे. आजही आम्हा धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनापुस्तकात ते सप्टेंबरच्या सुमारास जवळजवळ दोन आठवडे रोज थोडे थोडे वाचायला येते. संत ऑगस्टीन आफ्रिकेतील हिप्पो या बंदराचे, म्हणजे आजच्या अल्जेरियातील अन्नाबाचे, तीस वर्षांहून अधिक काळ बिशप होते. हे प्रवचन ते आपल्या लोकांसमोर देतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभे राहून. दूध आणि लोकर यांचा अर्थ ते फार सोप्या रीतीने सांगतात. दूध म्हणजे लोक धर्मगुरूच्या पोटापाण्यासाठी जे देतात ते. लोकर म्हणजे लोक जो मान देतात तो. दूध घेण्यात पाप नाही, संत पौलानेही फिलिप्पैकरांकडून मदत घेतली. मान घेण्यातही पाप नाही. दूध आणि लोकर घेऊन मेंढरांकडे पाठ फिरवणे हे पाप आहे.

आपल्याकडे लोकर भरपूर असते! लग्नात फादरांना पहिली खुर्ची. कोणाच्या घराचा आशीर्वाद असो की क्रिकेटच्या सामन्यांचे उद्घाटन, शाल आणि नारळ फादरांना. सभेत फादर बोलले की चर्चा संपली. तुम्ही हे प्रेमाने करता, मला माहीत आहे. पण हळूहळू त्या शालीची ऊब अशी अंगवळणी पडते, की कोणी ती जरा ओढली तरी थंडी वाजू लागते. संत ऑगस्टीन एक गोष्ट निक्षून सांगतात. लोकांनी दिलेला मान टिकावा म्हणून जो त्यांच्या चुका त्यांना सांगत नाही, तो लोकरीच्या मोहात सापडला आहे. मी त्याला माझ्याकडून एक जोड देतो. मान टिकावा म्हणून जो स्वतःची चूक कबूल करत नाही, तोही.

याच प्रवचनात आणखी एक वाक्य आहे, ते मला नेहमी बोचते. वाईट मेंढपाळ अशक्त मेंढरांनाच मारतो असे नाही, तर धडधाकट मेंढरांनाही मारतो. कसे? त्याचे वागणे पाहून चांगला माणूस मनात म्हणतो, आमचे पुढारीच असे वागतात तर मी कोण वेगळे वागणारा? मग त्याचा धीर सुटतो.

इथे काही जण मला शिकवणीच्या वर्गात ऐकलेली गोष्ट सांगतील. "फादर, धर्मगुरू कसाही असो, संस्कार तर खराच असतो ना?" बरोबर आहे. चौथ्या शतकात याच प्रश्नावर आफ्रिकेतील ख्रिस्तसभा दुभंगली. सम्राट डायोक्लिशन याच्या छळात, ३०३ सालानंतर, काही धर्माधिकाऱ्यांनी भीतीने पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. अशा माणसांनी दिलेला संस्कार व्यर्थ, असे दोनातूसचे अनुयायी म्हणू लागले. संत ऑगस्टीन यांनी त्यांना ठामपणे उत्तर दिले की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या पुण्याईवर तो अवलंबून नाही. ही शिकवण तुमच्यासाठी दिलासा आहे. तुमच्या बाळाचा स्नानसंस्कार माझ्या पापामुळे रद्द होत नाही. पण ही शिकवण माझ्यासाठी ढाल नाही. ज्या संत ऑगस्टीन यांनी दोनातूसवाद्यांना हे सांगितले, त्यांनीच मेंढपाळांवरचे ते कडक प्रवचनही दिले. पाइप गंजलेला असला तरी पाणी येते, एवढ्यावरून पाइपने फुशारकी मारू नये.

तशीच गोष्ट इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायातील १७ व्या ओवीची. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, हा तिचा पहिला भाग आम्हा धर्मगुरूंना तोंडपाठ असतो. पॅरिश कौन्सिलच्या सभेत तो हटकून उपयोगी पडतो. पुढारी तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यावा लागणार आहे, हा त्याच ओवीचा दुसरा भाग. अर्धी ओवी वाचायची सवय फार जुनी आहे.

हिशेब, पण कोणाला? देवाला, हे तर खरेच. मात्र 'मी फक्त देवाला जबाबदार' असे म्हणणाऱ्या माणसापासून जपून राहावे, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मी कोणालाच जबाबदार नाही' असा होतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही लोक आले तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंगतीतून उठला. पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर विरोध केला. हे पौलाने स्वतःच गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. ख्रिस्तसभेच्या पहिल्या प्रमुखाला त्याच्या सहकाऱ्याने चारचौघांत जाब विचारला, आणि ते पत्र आपण पवित्र शास्त्र म्हणून वाचतो. पेत्राची चूक लपवण्यासाठी कोणी ते पान फाडले नाही.

आपल्या काळातील एक उदाहरण घेऊ. आपले दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्याबद्दल आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी ते गेले तेव्हा इथेही अनेकांचे डोळे पाणावले. पण त्यांच्या आयुष्यातला जो प्रसंग मला सर्वांत जास्त शिकवून गेला, तो त्यांच्या चुकीचा आहे.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात फर्नांडो कारादिमा नावाचे एक नामांकित धर्मगुरू होते. त्यांनी मुलांवर आणि तरुणांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल २०११ मध्ये रोमने त्यांना दोषी ठरवले. त्यांच्या तालमीत तयार झालेले हुआन बारोस यांना पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये ओसोर्नो धर्मप्रांताचे बिशप नेमले. अत्याचाराला बळी पडलेले लोक सांगत होते की बारोस यांना सर्व ठाऊक होते, ते तिथे हजर असत. बारोस यांनी हा आरोप नेहमीच नाकारला. ओसोर्नोच्या लोकांनी विरोध केला. नव्या बिशपांचा स्वागताचा विधी चालू असताना कॅथीड्रलमध्येच निदर्शने झाली. हुआन कार्लोस क्रूस या पीडित गृहस्थांनी पोप महोदयांना सविस्तर पत्र लिहिले. ते त्याच वर्षी कार्डिनल शॉन ओमॅली यांच्या हाती देण्यात आले आणि पुढे पोचते केले असे क्रूस यांना कळवण्यात आले. तरीही काही हलले नाही. उलट ओसोर्नोचे लोक उगाच भडकवले गेले आहेत, असेच पोप महोदयांचे मत झाले होते.

जानेवारी २०१८ मध्ये ते चिलीच्या भेटीवर गेले. इकीके शहरात १८ तारखेला एका पत्रकाराने बारोस यांच्याबद्दल विचारले. पुरावा आणून द्या, मग बोलेन, हे सगळे बदनामीचे बोलणे आहे, अशा अर्थाचे उत्तर पोप महोदयांनी दिले. ज्यांचे बालपण कुस्करले गेले होते, त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला! दोनच दिवसांत कार्डिनल ओमॅली यांनी जाहीर निवेदन काढून म्हटले की या शब्दांनी पीडितांना मोठे दुःख झाले असणार हे समजण्यासारखे आहे. एका कार्डिनलने पोपबद्दल असे जाहीरपणे बोलावे हे अंत्युखियाची आठवण करून देणारे आहे. परतीच्या विमानात पोप महोदयांनी 'पुरावा' या शब्दाबद्दल क्षमा मागितली, पण बारोस यांच्याविषयीचे मत बदलले नाही. म्हणजे क्षमा अर्धीच झाली होती.

पुढे जे घडले ते महत्त्वाचे. त्यांनी माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स सिक्लूना आणि त्यांच्याबरोबर फादर जोर्दी बेर्तोमेऊ यांना साक्षी घ्यायला पाठवले. ६४ जणांच्या साक्षी झाल्या, २३०० पानांचा अहवाल झाला. तो वाचून ८ एप्रिल २०१८ रोजी पोप महोदयांनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहिले आणि ते जाहीर केले. त्यात त्यांनी मान्य केले की परिस्थिती ओळखण्यात आपल्या गंभीर चुका झाल्या, आणि ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागितली. मग क्रूस, जेम्स हॅमिल्टन आणि होसे आंद्रेस मुरिय्यो या तिघांना रोमला बोलावून त्यांनी आपल्याच निवासस्थानी, सांता मार्तामध्ये, ठेवून घेतले आणि एकेकाशी निवांत बोलले. मे महिन्यात चिलीच्या सर्व बिशपांनी राजीनामे देऊ केले. जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा स्वीकारला गेला. सप्टेंबरमध्ये कारादिमा यांना धर्मगुरुपदावरून दूर करण्यात आले.

पोप महोदयांनी त्या पत्रात म्हटले की आपल्याला खरी आणि समतोल माहिती मिळाली नाही. हे पूर्ण उत्तर आहे का? मला वाटते, नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या मनावर ठसला होता. दारू प्यालेल्या माणसाने शुद्ध नसताना काही केले, तर तो 'मला कळले नाही' म्हणून सुटत नाही, कारण न कळण्याच्या अवस्थेत तो स्वतःच गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी हे पुढे नेले. एक अज्ञान असे असते की कितीही प्रयत्न केला तरी दूर होत नाही, ते क्षम्य. पण जे समजून घेणे माझे काम होते आणि मी घेतले नाही, किंवा समजले तर गैरसोय होईल म्हणून मी डोळे मिटून घेतले, ते अज्ञान मला निर्दोष करत नाही. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाभोवती 'सगळे ठीक आहे, फादर' म्हणणारी मंडळी आपोआप जमतात. त्यांचेच ऐकायचे असे त्याने ठरवले तर त्याचे न कळणे हेही त्याचेच कृत्य. पत्र लिहिणारा होता. निदर्शने करणारे होते. कार्डिनल होते. ऐकायला तीन वर्षे लागली. पण ८१ वर्षांचा माणूस, जगभरच्या काथलिकांचा प्रमुख, आपण चुकलो असे लेखी सांगतो आणि ज्यांचे ऐकले नाही त्यांना घरी बोलावतो, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि मला त्या दोन्ही हव्या आहेत.

ख्रिस्तसभेने त्यानंतर नियमही कडक केले. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशानुसार असे प्रकरण समजल्यास ते अधिकाऱ्यांना कळवणे हे प्रत्येक धर्मगुरूचे आणि धर्मभगिनीचे कर्तव्य झाले, आणि प्रकरण दडपणाऱ्या बिशपांचीही चौकशी होऊ शकते. २०२३ मध्ये हा आदेश कायमचा झाला. आपल्या देशात तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, मग न कळवणारा धर्मगुरू असो, शिक्षक असो की शेजारी. बिशप हाऊसला पत्र दिले म्हणजे पोलीस ठाण्याचे काम झाले असे नाही. हे प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे.

पण एवढ्या मोठ्या आणि दूरच्या गोष्टी सांगून मी थांबलो, तर तीही एक पळवाटच होईल. चिलीबद्दल लिहायला धर्मगुरूला फारसे धैर्य लागत नाही. म्हणून आता माझी गोष्ट.

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. ख्रिस्तमंदिराच्या छपरासाठी आम्ही घरोघरी वर्गणी काढली होती. झावळ्यांच्या रविवारी मिस्सानंतर सभा होती. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर उठले आणि विचारले, "फादर, छपराचे किती जमले आणि किती खर्च झाले, तेवढे सांगाल काय?" आवाज चढलेला नव्हता. आयुष्यभर त्यांनी ड्यूटी संपली की डेपोत तिकिटांचा आणि पैशांचा मेळ घालून दिला होता, त्याशिवाय त्यांना घरी जाता येत नसे. त्यांच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता. मला मात्र तो अपमान वाटला. "कमिटी बघेल," एवढे बोलून मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, योहानाच्या १२ व्या अध्यायाचे वाचन असते. बेथानीत मरिया प्रभूच्या पायांना महाग सुगंधी तेल लावते आणि यहूदा इस्कर्योत पैशांबद्दल कुरकुर करतो. पवित्र सप्ताह असल्याने देऊळ भरलेले होते. मी प्रवचनात म्हणालो की देवाच्या घरात पैशांचा हिशेब विचारणारे लोक शुभवर्तमानाच्या काळापासून आहेत, त्यांच्या गावाचे नाव तेवढे बदलते. कोणाला उद्देशून बोललो ते सगळ्यांना कळले. काही जण हसले. मलाही त्या क्षणी बरे वाटले. ते गृहस्थ तिसऱ्या बाकावर बसलेले होते. प्रवचनाच्या वेळी उठून उत्तर द्यायची आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच तर मी ती जागा निवडली होती.

पुढचे दोन-तीन महिने ते मिस्साला बाहेर, फाटकाजवळच्या झाडाखाली उभे राहायचे. नंतर शेजारच्या धर्मग्रामात जाऊ लागले.

मला खरा धक्का नंतर बसला. एका साधनेच्या दिवशी तोच उतारा मी पुन्हा वाचत होतो. पैशांची पिशवी कोणाकडे होती? योहान स्पष्ट लिहितो, यहूदाकडे होती, आणि तिच्यात टाकलेले तो चोरीत असे. त्या गोष्टीत पिशवी सांभाळणारा हाच दोषी आहे. आणि त्या धर्मग्रामात पिशवी कोणाकडे होती? कंडक्टरसाहेबांकडे नव्हती. माझ्याकडे होती! मी पैसे खाल्ले नव्हते. पण ठेकेदाराला पावती न घेता उचल दिली होती, आणि त्याच वर्गणीतून धर्मगुरुनिवासाच्या न्हाणीघराची दुरुस्तीही कोणाला न विचारता करून घेतली होती. रक्कम फार मोठी नव्हती. पण लोकांनी ती छपरासाठी दिली होती. प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर मला द्यायचे नव्हते, एवढेच.

माझी बदली ठरली तेव्हा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ओटीवर खुर्ची दिली, मुलीने चहा आणला. मी क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फादर, बोललात माईकवर आणि माफी मागताय ओटीवर." रागाने नाही, साधेपणाने म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोपाच्या मिस्साला माईक माझ्या हातात होता. मी सर्वांचे आभार मानले, हार घेतला, शाल घेतली आणि निघून आलो.

हे आज लिहिण्याचे कारण असे की त्या धर्मग्रामाच्या सणाला जानेवारीत मला मिस्सासाठी बोलावणे आले आहे. मी तिथल्या प्रमुख धर्मगुरूंना फोन करून प्रवचनाआधी दोन मिनिटे मागून घेतली आहेत. ते गृहस्थ आता थकले आहेत, येऊ शकतील की नाही माहीत नाही. त्यांच्या मुलीला मी कळवले आहे.

आता आपल्या धर्मग्रामाबद्दल. ख्रिस्तसभेच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, तीन कलमे आहेत. ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. ती आपल्याकडे आहे. १२८७ व्या कलमानुसार श्रद्धावंतांनी ख्रिस्तसभेला जे दिले त्याचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा असतो. लक्षात घ्या, बिशपांना वार्षिक हिशेब द्यायचा हे वेगळे, आणि हे वेगळे. आणि २१२ व्या कलमानुसार ख्रिस्तसभेच्या हितासाठी आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, आणि काही वेळा ते त्यांचे कर्तव्यही असते. गेली दोन वर्षे मी दफनभूमीच्या भिंतीच्या वर्गणीचा हिशेब समितीपुढे ठेवला, पण तुमच्यापुढे ठेवला नाही. कोणी विचारले नाही म्हणून ठेवला नाही. कोणी विचारले नाही याचे कारण कदाचित माझा चेहराच असेल.

काही जणांना वाटेल, फादरच असे लिहू लागले तर उद्या कोणीही उठेल आणि काहीही बोलेल. बोलण्याचीही रीत आहे, ती प्रभूनेच मत्तयाच्या १८ व्या अध्यायात घालून दिली आहे. आधी एकट्याने येऊन सांगा, मग दोघातिघांना घेऊन या, मग मंडळीपुढे मांडा. नाक्यावरच्या कुजबुजीला मी जाब म्हणणार नाही. पण माझ्यासारखा माणूस पहिल्याच पायरीवर दार लावून घेतो तेव्हा लोक नाक्यावर जातात, हेही तितकेच खरे. मात्र लहान मुलाच्या बाबतीत काही घडले असेल तर ही रीत लावू नका. तिथे सरळ पोलिसांकडे जायचे, आणि मी तुमच्याबरोबर येईन.

आणखी एक गोष्ट, आणि ती केवळ माझ्यासाठी नाही. आजचे वाचन १७ व्या ओवीवर संपते. त्यापुढच्या ओव्याही घरी वाचा. तिथे परमेश्वर मेंढपाळांना सोडून मेंढरांकडे वळतो. धष्टपुष्ट मेंढरे स्वच्छ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करतात, दुबळ्यांना खांद्याने रेटून बाहेर घालवतात, असे तो म्हणतो. वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत बसलेली आपली काही कमिटीवाली मंडळी, फादरांच्या मागेपुढे करून दुसऱ्याला जवळ फिरकू न देणारे काही भक्त, यांनी त्या ओव्या माझ्याबरोबर बसून वाचाव्यात. हसू नका, मी गंभीरपणे लिहितो आहे. सोमवारी सकाळी त्या दिवशी देवळात जे हसले, त्यांच्यातही काही असेच होते.

पुढच्या रविवारी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, सातच्या मिस्सानंतर सभागृहात दफनभूमीच्या भिंतीचा, दानपेट्यांचा आणि सणाच्या खर्चाचा गेल्या दोन वर्षांचा हिशेब वाचला जाईल. पावत्यांच्या फायली टेबलावर ठेवलेल्या असतील, त्या कोणीही चाळून पाहाव्यात. हिशेब समितीचे खजिनदार वाचतील. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्यासाठी माईक सभागृहाच्या मध्यभागी ठेवला जाईल. मी समोरच्या बाकावर बसलेला असेन.

ख्रिस्तराजाच्या सणाच्या शुभेच्छा. संध्याकाळी चार वाजता मिरवणुकीला भेटू.

तुमचा
प्रमुख धर्मगुरू